कापड त्याचं, रंग आपला

"अरे बेन, हमारा दो हजार तो कब का हो गया!"

काचेच्या दाराआडून सेठचा आवाज आला आणि पाठोपाठ त्यांचं खदखदून हसणं. मी बाहेर चपलांपाशी उभी होते. कॉम्प्युटरच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या असा तेव्हा सुरतेत सगळीकडे नियम होता, देवळात असतो तसाच. आत न जाण्यासाठी चपलांवर लक्ष ठेवणं हे कारण मला पुरत असे.

"ये कॅलेंडर देखो," सेठ सांगत होते. "संवत दो हजार पचपन. दो हजार आया और गया. कुछ हुआ? सूरत डूब गया क्या?"

"डूबा तो था सेठ, पिछले साल," हा ताईंचा आवाज.

"वो तो डॅम का पानी था, बेन! कॉम्प्युटर का थोडे ना था!"

आत सगळेच हसले. दार उघडून ताई बाहेर आल्या तेव्हा त्याही हसत होत्या. चपला पायांत सरकवत मला म्हणाल्या, "पोरी, हा माणूस बरोबर बोलतोय गं. याचं दोन हजार खरंच होऊन गेलंय. आता याला विकायचं काय?"

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगते. साल एकोणीसशे नव्याण्णव. जुने प्रोग्राम सालाचे शेवटचे दोनच आकडे लिहून ठेवत, त्यामुळे जानेवारीत शून्य-शून्य आलं की मशीन शंभर वर्षं मागे जाईल, अशी जगभर धास्ती होती. या धास्तीमुळे मुंबई-पुण्याच्या प्रोग्रामरांना भरपूर काम मिळतंय, असं आम्ही ऐकत होतो. सुरतेत मात्र प्रत्येक सेठच्या डोक्यामागे छप्पन्न वर्षं पुढे चालणारं विक्रम संवताचं कॅलेंडर टांगलेलं, आणि त्या कॅलेंडरातलं दोन हजार साल त्यांच्या वडिलांच्या वेळीच येऊन गेलेलं. घाबरायला कोणी तयारच होईना.

ताईंचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. गुजराती त्यांना बेन म्हणत, कारखान्यातले खानदेशी कामगार बहीण म्हणत, मी ताई म्हणे. चाळिशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, अंगावर सुरती छापाची साडी, आणि फ्लॉप्या धूळ-दमटपणापासून वाचाव्यात म्हणून पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवलेल्या. रिक्षात बसल्या की त्यांच्या उजव्या हाताची बोटं आपोआप गुडघ्यावर चालायला लागत. शेजारची बाई घाबरून सरकली की त्या म्हणत, "काही नाही हो, टायपिंग करतेय," आणि बोटं थांबत नसत. कारखान्यांचा पांडेसरा भाग येईपर्यंत अर्धा प्रोग्राम गुडघ्यावर लिहून झालेला असे.

त्या शिंदखेड्याकडच्या, तापीकाठच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या. "नदी तीच," त्या सांगत. "फक्त इथे रुंद झालीय, आणि रंगीत." त्यांचे यजमान पांडेसऱ्यात एका प्रोसेस हाउसमध्ये स्टेंटरवर होते. रंगवलेलं कापड ताणून वाळवायचं ते मशीन. ताई बारावी आणि टायपिंगची परीक्षा एवढ्या शिदोरीवर एका मिलच्या ऑफिसात लागल्या. मिलने कॉम्प्युटर आणला तेव्हा तिथले साहेब त्याला हात लावायला भीत, म्हणून टायपिस्ट बाईला त्याच्यासमोर बसवलं. त्या बसल्या त्या बसल्याच. पुढे मिलने तो विभाग बंद केला, आणि ताई स्वतःच ठेक्यावर प्रोग्राम लिहून द्यायला लागल्या.

सुरतेत प्रोसेस हाउसचं स्वतःचं कापड नसतं. मार्केटमधले व्यापारी कोरं कापड पाठवतात, प्रोसेस हाउस ते रंगवून परत करतं. याला सगळे जॉबवर्क म्हणतात. ताई स्वतःच्या धंद्यालाही तेच म्हणत. कोणी विचारलं, "बेन, आप क्या करते हो?" की उत्तर ठरलेलं, "जॉबवर्क. कापड त्याचं, रंग आपला." हिशेब सेठचा, मशीन सेठचं, चुकाही बऱ्याचशा सेठच्या. आपण फक्त रंग चढवायचा. पण तो उडता कामा नये.

मी त्यांच्याकडे कशी गेले? इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉम्प्युटर क्लासचं प्रमाणपत्र मिळवून घरी बसलेली मुलगी. मुलाखतीला गेले की आवाज घशातच राहायचा. आई आणि ताई एकाच भिशीत होत्या. एक दिवस ताई घरी आल्या, चहा घेतला आणि मला म्हणाल्या, "एरर आली की मशीन इंग्रजीत काय म्हणतं ते वाचता येतं ना?"

मी मान हलवली.

"बोलत नाहीस का?"

मी पुन्हा मान हलवली. कुठल्या दिशेला ते मलाही कळलं नाही.

"चालतंय. दोघींपुरतं मी बोलते," असं म्हणून त्यांनी बशीतलं शेवटचं बिस्किट उचललं. माझी मुलाखत तेवढीच.

त्यानंतर कुठल्याही ऑफिसात "ये लडकी कौन?" असं कोणी विचारलं की ताई न चाचरता सांगत, "हमारी इंजिनियर." मी जमिनीकडे बघत राही. क्लासच्या प्रमाणपत्रावर माझ्या नावाचं स्पेलिंगसुद्धा चुकलेलं होतं.

रिंगरोडवर, मार्केटच्या मागच्या गल्लीत, प्रिंटरच्या रिबिनींना पुन्हा शाई भरून देणारं एक दुकान होतं. गवंडीकामाचे मजूर सकाळी कडियानाक्यावर उभे राहतात, तसे आम्ही ठेक्याचे कॉम्प्युटरवाले या दुकानासमोर. तिथला एक अलिखित नियम होता. 'काम नाही' असं कोणी म्हणायचं नाही. "कैसा है?" असं विचारलं की "टेस्टिंग चालू है" असं सांगायचं. महिनोन् महिने सगळ्यांचं टेस्टिंग चाले. एकाचं टेस्टिंग इतकं लांबलं की शेवटी तो भावाच्या एसटीडी बूथवर बसायला लागला. तिथूनही तो हात दाखवून ओरडे, "टेस्टिंग!"

ताई मात्र दुकानासमोर आल्या की खड्या आवाजात जाहीर करत, "आज काम नाही. उद्याचंही दिसत नाही. चहा कोण पाजतंय?"

एकदम सगळे मोकळे व्हायचे. कोणीतरी चहा सांगायचा, आणि मग एकेक जण हळूच म्हणायचा, माझंही तसंच आहे. काम न मिळालेल्या माणसांची लाज अशी एका वाक्यात उतरवता येते, हे मी तिथे पाहिलं. तुम्हीही अशी एखादी व्यक्ती पाहिली असेल. ती आली की बाकीच्यांना नाटक करावं लागत नाही.

काम का नव्हतं, तेही सांगते. हिशेबाची तयार पॅकेजं आली होती. एकाने सीडी आणली की ती मार्केटभर फिरायची, या दुकानातून त्या दुकानात, एखादी चटणीची वाटी फिरावी तशी. मग सहा महिने बसून वेगळा प्रोग्राम लिहून कोण घेणार? ती सीडी बसवून द्यायचं काम आमच्यातल्याच एकाने सुरू केलं होतं. मशीनचं काहीही बिघडलं की तो "व्हायरस है" एवढंच सांगे, म्हणून ताईंनी त्याचं नाव व्हायरसभाई ठेवलं होतं. त्यालाही ते आवडलं होतं.

"बेन," तो एकदा म्हणाला, "अब आप सिलाई का क्लास खोल दो."

"खोलूँगी," ताई म्हणाल्या. "पहला टाँका तुम्हारे मुँह को."

ताईंची काम करायची पद्धत वेगळी होती. नवीन काम मिळालं की त्या आधी मशीनला हातच लावत नसत. कारखान्यात खाली जाऊन बसायच्या. कापडाचे ताके टेम्पोतून उतरतात तिथे, रंगाच्या वाफेत, घडी घालणाऱ्या पोरांमध्ये. घडीखात्यात निम्मे लोक आमच्या खानदेशाकडचे. तिथे ताईंची अहिराणी सुटायची. "काय रे भाऊ, जेवन व्हयनं का?" इथून सुरुवात व्हायची, आणि डबा संपेपर्यंत कुठला लॉट, म्हणजे कापडाची खेप, कुठे अडतो, कोण कोणावर ढकलतो, सगळं कळलेलं असायचं. मी मागे उभी राहून नाकाला रुमाल लावायची. "रुमाल काढ," त्या म्हणायच्या. "वास सगळ्यांना येतोय."

त्यांच्या एका प्रोग्रामच्या पहिल्या पडद्यावर गणपती होता. त्या काळ्या पडद्यावर चित्र काढायची सोय नसे, म्हणून त्यांनी नुसत्या फुल्या, तिरप्या रेघा आणि कंस यांतून सोंडेसकट गणपती उभा केला होता. महिनाभर तरी गुडघ्यावर काढत असाव्यात. मार्केटात तो इतका गाजला की व्यापारी प्रोग्राम न बघताच म्हणत, "वो गणपतीवाला देना." व्हायरसभाईने तो आपल्या नावावर खपवायचा प्रयत्न केला. त्याच्या गणपतीची सोंड मात्र दर वेळी उलट्या बाजूला जाई. ताईंनी त्याला बोलावून सोंड सरळ कशी करायची ते शिकवलं. मला त्यांचा राग आला. त्या म्हणाल्या, "अगं, देव आहे तो. वाकडा कसा ठेवू?"

ताईंचं घर गोडादऱ्यात होतं, एक खोली आणि स्वयंपाकघर. कॉम्प्युटर स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्यांशेजारी, साडीच्या तुकड्याने झाकलेला. आजूबाजूचे माग सुरू झाले की दिवा मंद व्हायचा आणि ताई घाईघाईने लिहिलेलं साठवायच्या. यजमान कामावरून येत तेव्हा त्यांच्या नखांत दर दिवशी वेगळा रंग असे. कॉम्प्युटरला ते टीव्ही म्हणत. "हाऊ तुन्हा टीव्ही बंद कर आते," ते म्हणत. आणि तेच गृहस्थ स्टेंटरवर मात्र सगळ्यांना सांगत की आपली बायको कॉम्प्युटर शिकलेल्यांना शिकवते. हे मला घडीखात्यातल्या पोरांनी सांगितलं. ताईंना मी सांगितलं नाही. त्यांना ठाऊक असावं.

त्या वर्षी पावसाळा संपत आला तरी हातात काही नव्हतं. जुन्या सगळ्या सेठांकडे आम्ही दोन हजार साल विकायला जाऊन आलो होतो आणि सगळ्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं होतं. ताईंचे मोठे भाऊ दोंडाईच्याहून आले. त्यांचं तिथे साड्यांचं दुकान होतं. जेवताना ते म्हणाले, "किती दिवस वणवण करशील? दुकानात बाई माणूस लागतंच आहे. तुम्हा दोघांची सोय करतो मी."

मी तिथेच होते, पापड भाजत. ताईंनी भावाच्या ताटात आणखी भात वाढला. मग म्हणाल्या, "दादा, लाभपाचमेपर्यंत थांब. लाभपाचमेला हातात काम नसलं तर मशीन विकते आणि तुझ्या दुकानात येऊन बसते. शब्द दिला."

दिवाळीनंतर मार्केट बंद असतं. लाभपाचमेला पूजा होते, मशीनवर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, काढतात, आणि नव्या वर्षाचं काम सुरू होतं. ज्याला त्या दिवशी काम मिळालं नाही त्याला वर्षभर कोणी विचारत नाही, असा समज. यजमान खाली मान घालून जेवत राहिले. मला वाटलं, ते तरी काहीतरी म्हणतील. मीही काही म्हटलं नाही.

दसऱ्यानंतर त्याच सेठचा निरोप आला, ज्यांचं दोन हजार होऊन गेलं होतं. ताबडतोब या.

झालं होतं असं. त्यांचे वयस्कर मेहताजी, म्हणजे हिशेबनीस, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेले. त्यांच्या जागी सेठचा पुतण्या कॉम्प्युटरवर बसला. त्याने पडून राहिलेल्या लॉटांची यादी काढली, तर एका व्यापाऱ्याचं कापड कारखान्यात चव्वेचाळीस वर्षांपासून पडलंय असं मशीनने छापलं. पुतण्याने ते न बघताच व्यापाऱ्याला पाठवून दिलं. व्यापारी फोनवर फोन करत होता.

"चवालीस साल!" सेठ कपाळाला हात लावून म्हणाले. "उस टाइम तो यहाँ ज्वार का खेत था, बेन!"

हा प्रोग्राम ताईंचाच, अगदी पहिल्या ठेक्यातला. व्हायरसभाईला पुतण्याने आधीच बोलावलं होतं. त्याने पडद्याकडे पाहिलं आणि जे म्हणायचं तेच म्हटलं. ताईंनी मशीनला हात लावला नाही. मेहताजी डोळ्यावर हिरवी पट्टी लावून कामावर परत येईपर्यंत थांबल्या, मग त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसल्या. "काका, तुम्ही रोजच्यासारखं भरा. मी नुसती बघते."

मेहताजी एका बोटाने टाइप करत. प्रोग्राम रोज सकाळी आजची तारीख विचारे. तिथे त्यांनी काय भरलं ते मी ताईंच्या खांद्यावरून पाहिलं. महिना बारा, साल पंचावन्न. ऑक्टोबर चालू होता.

"काका, महिना बारा कसा?"

"आसो महिनो, बेटा, तुमचा आश्विन. कारतकपासून बारावा. दिवाळी आली ना."

खतवहीत जन्मभर जसं लिहिलं तसंच ते इतकी वर्षं मशीनमध्ये लिहीत होते. तिथी, गुजराती महिना, संवताचं साल. मशीन बिचारं ते इंग्रजी समजून एकोणीसशे पंचावन्न धरत होतं. रोजचीही तारीख त्यातलीच, लॉटचीही त्यातलीच, त्यामुळे वजाबाकी बरोबर यायची आणि कोणाला काही कळायचं नाही. पुतण्याने इंग्रजी साल घातलं आणि दोन कॅलेंडरं एकमेकांवर आदळली.

"आणि दुसऱ्या महिन्याला फेब्रुवारी समजून तीस तारीख घ्यायचं नाही ना मशीन?" ताईंनी विचारलं.

"ना, नहोतुं लेतुं," मेहताजी म्हणाले. "थाकी जाय. मग आम्ही अठ्ठावीसच पुन्हा भरायचे."

ताई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मेहताजीही हसले, का ते न कळून. मग ताईंचं हसू थांबलं. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. त्यावर तीन रिकाम्या चौकटी होत्या आणि वर एकच शब्द, तारीख. कुठली तारीख, ते लिहिलेलं नव्हतं.

संध्याकाळी सेठच्या केबिनमध्ये सगळे जमले. सेठ, पुतण्या, व्हायरसभाई हातात सीडी घेऊन, दाराशी मेहताजी उभे, आणि आम्ही दोघी. त्या दिवशी ताईंनी मला चपलांपाशी राहू दिलं नव्हतं.

ताईंनी काय झालं ते समजावून सांगितलं. पुतण्याचा चेहरा एकदम उजळला. "मतलब मेहताजी का मिस्टेक है. मैं तो कब से बोल रहा हूँ, काका, इनसे अब होता नहीं. बेन, आप इतना लिख के दो कि एन्ट्री गलत था. फिर नया प्रोग्राम आप ही बनाओ, लाभपाचम का मुहूर्त."

काम समोर आलं होतं. फक्त हो म्हणायचं होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा ना ताई, त्यांनीच तर भरलंय. मेहताजी पट्टीखालून कुठे बघत होते ते दिसत नव्हतं, पण त्यांनी हात जोडल्यासारखे पोटाशी धरले होते.

"गलती इनकी नहीं," ताई म्हणाल्या. "मेरी है."

व्हायरसभाईने मान वर केली.

"मैंने तारीख पूछी, कौनसी तारीख ये नहीं पूछा. तब मैं नयी थी, सेठ. नीचे सब के पास बैठी. ऊपर इनके पास बैठ के पूछने में शरम आयी. बडे आदमी हैं, क्या सोचेंगे. नहीं पूछा, इसलिए हुआ."

मी ताईंकडे बघत राहिले. दोघींपुरतं बोलणारी ही बाई कधी काळी कोणाला काही विचारायला लाजली होती, आणि त्या न विचारलेल्या एका प्रश्नावर हा कारखाना इतकी वर्षं चालला होता.

"लो," पुतण्या म्हणाला. "खुद बोल रही हैं. तो फिर इन्हीं से क्यों बनवाना, काका?"

व्हायरसभाईने सीडी टेबलावर ठेवली. "सेठ, इसमें ऐसा कोई झंझट नहीं."

सेठ हसत नव्हते. मार्केटच्या माणसाला कागद लागत नाहीत, कोणीतरी जामीन राहणारं तोंड लागतं. त्यांनी ताईंना विचारलं, "बेन, आप के लिए कोई बोलनेवाला है?"

ताईंना बोलणारे खूप मिळाले असते, मार्केटभर त्यांचा गणपती होता. पण त्यांनी एकाचंही नाव घेतलं नाही. स्वतःच्या कामाबद्दल त्या कधीच बोलत नसत. मी एकदा विचारलं होतं तेव्हा म्हणाल्या होत्या, "स्वतःच्या लग्नात स्वतःच अक्षता टाकायच्या का?" आताही त्या सरळ बसून होत्या, हात मांडीवर, बोटं स्थिर.

पुढचं आधीच सांगून टाकते. काम ताईंना मिळालं. लाभपाचमेच्या सकाळी सेठनी मॉनिटरवर साथिया काढला, आणि मेहताजींनी एका बोटाने आपली तिथी आणि छप्पन्न साल भरलं. शेजारच्या चौकटीत इंग्रजी तारीख आपोआप उमटली, नोव्हेंबर एकोणीसशे नव्याण्णव. मेहताजींनी पडद्याला नमस्कार केला. जानेवारीत जग बुडालं नाही, पांडेसऱ्याचं तर नाहीच. ताईंच्या यजमानांनी लाभपाचमेच्याच दिवशी पेढे वाटले, पेढ्यांवर निळ्या नखांचे ठसे होते. दोंडाईच्याच्या दादांनाही पेढे गेले. त्या प्रोग्रामचं ऐकून आणखी दोन मेहताजींनी आपापल्या सेठांना गळ घातली, आणि ताईंचं टेस्टिंग खरोखरच चालू झालं.

पुढे मार्केट पुन्हा मंदावलं. रिबिनीच्या दुकानात आता मोबाइल विकतात. ताई मशीन घेऊन गावाकडे गेल्या, पण साड्यांच्या गादीवर बसायला नाही. तिकडच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याला आणि धान्याच्या व्यापाऱ्यांना त्यांनी आपलं जॉबवर्क लावलंय. मी आता एका कंपनीत आहे. कामाला बसण्याआधी मी ज्यांचं काम आहे त्यांच्याशेजारी स्टूल घेऊन बसते. लोकांना ते विचित्र वाटतं. ताई सुरतेत नाहीत, हे मला सगळ्यात जास्त कोणी "ये काम किससे सीखा?" असं विचारल्यावर जाणवतं. तेव्हा मी त्यांची ओळख करून देण्यासाठी शेजारी बघते आणि शेजारी कोणी नसतं.

पण सेठनी "कोई बोलनेवाला है?" असं विचारलं तेव्हा यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. पुतण्याने सीडी उचलून उलटीसुलटी बघायला सुरुवात केली. सेठ ताईंकडे बघत होते आणि ताई सेठकडे. माझ्याकडे कोणीच बघत नव्हतं, नेहमीप्रमाणे.

मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा मोठा आवाज झाला. इंग्रजी आठवेना, हिंदी आठवेना, गुजराती तर नाहीच. तोंडातून घरची मराठीच निघाली. सेठना ती समजत होती, निम्मा कारखाना त्याच भाषेत चालायचा.

"त्यांच्यासाठी मी बोलते, सेठ," मी म्हटलं. "यादी चुकली तेव्हा सगळ्यांनी मशीनकडे पाहिलं. मेहताजींच्या शेजारी जाऊन फक्त ताई बसल्या. चूक कोणाची ते तुम्हाला कधीच कळलं नसतं, तेही त्यांनीच सांगितलं. काम त्यांनाच द्या. आणि या वेळी विचारायचं काही राहिलं, तर ते मी विचारीन."